सारखंच लांब

काचेपलीकडे बसलेला माणूस तिला फसवू बघत होता. भट्टीवर काम करणारा, पन्नाशीचा, हाताच्या केसांचा रंग भाजून तांबूस झालेला. दोन्ही कान गेले असं त्याचं म्हणणं होतं, आणि कान गेलेत असा शेरा मिळाला की त्याला भट्टीवरून उठवून गोदामात बसवणार होते. तिने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी दाबायचं, हे खुणांनी समजावलं आणि आवाजबंद खोलीचं जाड दार लावून बाहेर मशीनपाशी येऊन बसली. मग एकेक आवाज सोडत गेली. बारीक, जरा मोठा, आणखी मोठा. बटण काही दाबलं जाईना. पण ती बटणाकडे बघतच नव्हती. इतकी वर्षं माणसांचे कान तपासून तिला एवढं कळलं होतं की ज्याला ऐकू येत नाही तो आवाज झाल्यावर काहीच करत नाही; ज्याला येतं आणि लपवायचं असतं, त्याला मात्र काहीच न करण्याचं काम करावं लागतं. श्वास क्षणभर थांबतो. लवायला आलेली पापणी अर्ध्यात अडते. चेहरा रिकामा ठेवायला जी मेहनत पडते ती चेहऱ्यावर उमटते, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ओल उमटावी तशी. भट्टीवाल्याच्या चेहऱ्यावर ती उमटली. तिला त्याचा राग आला नाही, उलट कीव आली. कुणालाही कळू न देता ऐकत राहायचं म्हणजे काय दमणूक असेल, असा एक विचार मनात येऊन गेला आणि तिने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा, म्हणजे तिचे सासरे, नेहमीसारखे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. दिवसभर त्यांच्याकडे बघणाऱ्या मावशी पिशवी खांद्याला अडकवून दारातच उभ्या होत्या; ती आत आली आणि मावशी बाहेर पडल्या. थोड्या वेळाने नवरा आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे घरं संपतात आणि पाण्याच्या टाक्या सुरू होतात, तिथे तो पाणी तपासायचा. त्याच्या शर्टाला औषधाचा वास असे, धुतला तरी न जाणारा. घरमालकाला जागा परत हवी होती, त्याची मुलगी नवऱ्यासकट परत येणार होती, त्यामुळे गेले काही आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. एजंटने दोन जागा दाखवल्या होत्या. एक तिच्या दवाखान्यापासून चालत जाण्यासारखी, एक त्याच्या टाक्यांपासून. चहा पिता पिता तो म्हणाला, "तुझ्याकडचंच घेऊ. तू किती दमतेस."

"तुझ्याकडच्याला उजेड जास्त आहे," ती म्हणाली. "आणि तू काय कमी दमतोस?"

"माझं काय, मला गाडीत झोप लागते. तुझ्याकडचं घेतलं तर बाबांचं काही झालं की तू पटकन पोचशील."

"तुझ्याकडचं घेतलं तर तूही पोचशील की."

हे रोजचंच होतं आणि ते हसत हसतच चालायचं. तिने कप खाली ठेवला आणि ठेवता ठेवता सहज मान वळवली. बाबा खिडकीकडे बघत होते. चेहरा रिकामा. ओठांच्या पडलेल्या कोपऱ्यात लाळेचा थेंब आला होता आणि तो गिळायचा राहून गेला होता, कारण श्वास थांबला होता. अगदी जरासा. पापणी अर्ध्यात होती. खालच्या रस्त्यावर एका गाडीने कर्कश भोंगा वाजवला, त्यावर मात्र पापणी सरळ, मोकळी लवली. भोंग्यासाठी या माणसाला मेहनत पडली नव्हती. 'तूही पोचशील की' यासाठी पडली होती.

बाबांच्या डोक्यात रक्ताची गुठळी अडकली त्याला आता दीड वर्षाच्या वर होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिच्याच दवाखान्यात तिने त्यांचे कान तपासले होते, चाकाच्या खुर्चीत बसवून. डाव्या हातात बटण दिलं तर त्यांनी ते मांडीवर ठेवून दिलं होतं. बटण न लागणारी तपासणी केली तर कान ठणठणीत निघाले. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, आवाज आत जातो हो, पण त्याचा अर्थ लागतो का, ते सांगता येणार नाही, बहुतेक नाही. घरी येईपर्यंत त्यातलं 'बहुतेक' कुठेतरी गळून पडलं आणि घरात एक वाक्य राहायला आलं: बाबांना कळत नाही. सोयीचं वाक्य होतं. त्या वाक्याच्या आडोशाला बसून सगळ्यांनी काय काय बोलून घेतलं होतं! आता कपबशा विसळताना ते सगळं तिला एकेक करून ऐकू यायला लागलं, तिच्याच आवाजात. माहेरच्या ताईशी फोनवर, बाबांच्या खुर्चीला पाठ टेकून जमिनीवर बसलेली असताना, "आहेत म्हणायचं, दुसरं काय." त्यांचे कपडे बदलताना नवऱ्याला, "मला शिसारी येते रे, खरं सांगते." नवरा एकदा कुणा मित्राला म्हणाला होता, की त्याच दिवशी सुटले असते तर त्यांनाही बरं आणि सगळ्यांनाच बरं. मावशी तर त्यांना आंघोळ घालताना आपल्या सुनेच्या सगळ्या कागाळ्या त्यांना सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, तुमचं बरं आहे, डोक्याला ताप नाही. आणि हा माणूस खिडकीकडे बघत, पापणी अर्ध्यात अडकवून, सगळं घेत बसला होता. का? बोलता येत नसलं तरी डावा हात होता. मान होती. एकदा मान हलवली असती तरी पुरे होतं.

पूर्वीचे बाबा असे गप्प बसणारे नव्हते. टपालखात्यात जन्मभर पत्त्यांप्रमाणे पत्रं लावलेला माणूस. शहरातली कुठली गल्ली कुठे संपते आणि तिथली माणसं पत्राला उत्तर देणारी आहेत की नाहीत इथपर्यंत सांगायचे. कुणी थाप मारली की तोंडाची एकच बाजू वर नेऊन हसायचे, पण थाप पुरी ऐकून घ्यायचे, मध्ये तोडायचे नाहीत. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती वरच्या टोकाला नोकरी करत होती, तो खालच्या टोकाला, आणि घर कुठे घ्यायचं यावरून लग्नाआधीच दोघांची जुंपली. तेव्हा बाबांनी शहराचा नकाशा जमिनीवर पसरला, त्यावर ओणवे झाले, दोन्ही नोकऱ्यांवर दोन काड्यापेट्या ठेवल्या आणि बराच वेळ बघून मध्यावर बोट टेकवलं. "इथे घ्या," म्हणाले. "दोघांनाही सारखंच लांब. म्हणजे पुढे भांडताना, मी तुझ्यासाठी इतकं केलं, असं कुणाला म्हणायला नको." सगळे हसले. ती तर त्या वाक्यावर भाळलीच होती. आपल्याला सासरा शहाणा मिळाला असं तिने मैत्रिणींना सांगितलं होतं.

आणि त्यांनी घेतलं ते मध्यावरचं घर. पुलाच्या खांबांची रांग, टायरची दुकानं, न्हाणीघराच्या फरशा विकणारी मोठमोठी काचेची दालनं, ज्यांत गिऱ्हाईक कधी दिसत नसे. या भागात कुणी राहायचं म्हणून राहत नव्हतं. सगळेच कुठल्या तरी दोन जागांच्या मध्ये राहत होते. शेजारच्यांची नावं दारावरच्या पाट्यांवरून माहीत, चेहरे लिफ्टमधून. सकाळी दोघं एकदमच निघत, खाली उतरत आणि रस्त्याच्या दोन बाजूंच्या समोरासमोरच्या थांब्यांवर उभी राहत. सुरुवातीला हात हलवायची. ज्याची गाडी आधी येई तो गाडीआड जाई आणि गाडी सुटल्यावर समोरचा थांबा रिकामा दिसे. तिला त्याची सवय झाली, मग आवडायला लागलं. खिडकीजवळची जागा, मांडीवर पर्स, आणि पुढचा सगळा वेळ कुणाच्याच मालकीचा नसलेला. दवाखान्यात ती कुणाची तरी, घरात कुणाची तरी. गाडीत ती नुसती बसलेली एक बाई. बाबा आजारी पडल्यावर तर ती त्या प्रवासावरच जगत होती म्हटलं तरी चालेल. त्यालाही तसंच वाटत असणार, हे तिला माहीत होतं. नाहीतर गाडीत झोप लागते हे सांगताना माणसाचा आवाज इतका मऊ कशाला होईल?

पण खरी गोष्ट एका दुपारची होती. मावशींनी बाबांना न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवताना ते घसरले आणि जमिनीवर पडले. हाड मोडलं नाही, पण मावशींना ते एकटीला उचलेनात. मावशींनी तिला फोन केला. ती म्हणाली, त्याला फोन करा, तो निघेल. त्याला केला. तो म्हणाला, तिला सांगा, ती निघेल. दोघांपैकी प्रत्येकाला वाटलं की दुसरा निघाला. असं निदान नंतर दोघं म्हणाली. बाबा ओल्या फरशीवर, डोक्याखाली दुमडलेला टॉवेल, अशी सबंध दुपार पडून होते. उन्हं उतरायला लागल्यावर मावशींनी खालच्या टायरच्या दुकानातल्या दोघांना हाका मारून आणलं, तेव्हा कुठे त्यांना उचललं. त्या संध्याकाळी दोघं एकमेकांवर चिडली नाहीत. तेच भयंकर होतं. "करणार काय," तो म्हणाला, "दोघांनाही सारखंच लांब." आणि तिने मान हलवली. बाबांचं वाक्य त्यांच्याच अंगावर पांघरूण घालावं तसं घातलं आणि दिवा मालवला.

आता ते पांघरूण जाणार होतं. नवं घर कुणाच्या तरी जवळ असणार, आणि ज्याच्या जवळ असेल त्याला फोन येणार. त्याला निघावं लागणार. पुसावं, उचलावं, भरवावं लागणार, आणि दुसऱ्याने संध्याकाळी येऊन विचारायचं, काय झालं होतं? म्हणून ती दोघं एकमेकांच्या सोयीसाठी अशी हट्टाला पेटली होती. ताईला ते फार गोड वाटत होतं. एजंट तर म्हणाला होता, "असं जोडपं नाही बघितलं बुवा. सगळे आपापल्या ऑफिसकडे ओढतात, तुम्ही एकमेकांच्या ऑफिसकडे." त्यावर ती दोघंही लाजल्यासारखी हसली होती. आणि हे सगळं बाबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर चाललं होतं. एजंटला ते ओळखू आलं नसेल. बाबांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.

तिने रविवारपर्यंत कळ काढली. नवरा एजंटकडे गेला होता, मावशींची सुट्टी होती. दुपारचं ऊन खुर्चीच्या हातावर आलं होतं. तिने बाबांना भरवलं, तोंड पुसलं, वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दारातून, त्यांच्या पाठीमागून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला एखाद्या आश्रमात ठेवायचं म्हणतोय आम्ही." तसं काही ठरलं नव्हतं, निदान मोठ्याने ठरलं नव्हतं. खुर्चीच्या हातावरचा डावा हात मिटला. हळूहळू, पाण्यात कापड बसत जावं तसा. तिला स्वतःची किळस आली. भट्टीवाल्याला तिने फसवून पकडलं नव्हतं, त्याला आवाज दिला होता, एवढंच. ती झटकन पुढे आली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "खोटं आहे ते. नाही ठेवणार कुठे. पण तुम्हाला सगळं कळतं ना?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मोठ्या, मवाळ, बिनडोक्याच्या नजरेने. ती नजर तिच्या ओळखीची होती, दीड वर्ष तिने तीच बघितली होती, आणि आज पहिल्यांदा तिला दिसलं की ती नजर तयार करायला एक क्षण लागतो. मग त्यांनी ओठांचा चांगला कोपरा सैल सोडला आणि लाळ गळू दिली. मुद्दाम. सत्तरी उलटलेल्या, जन्मभर रोज दाढी करून, शर्टाचं वरचं बटण लावून कामावर गेलेल्या माणसाने सुनेसमोर मुद्दाम लाळ गळू दिली. तिने टॉवेलाने ती पुसली. त्यांची हनुवटी जरासुद्धा हलली नाही.

सोमवारी सकाळी ती आपल्या थांब्यावर गेली नाही. त्याच्याबरोबर रस्ता ओलांडून त्याच्या थांब्यावर आली. त्याने विचारलं, "आज इकडे?"

"बाबांना कळतं," ती म्हणाली. "सगळं कळतं. शब्दन् शब्द."

त्याने गाडी यायची त्या दिशेला बघितलं. "माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"ते पडले होते ना न्हाणीघरात, तेव्हापासून. संध्याकाळी त्यांचं अंग पुसत होतो. उगाच तोंडाने बडबडत होतो, की मी जवळ असतो तर धावत आलो असतो वगैरे. तेव्हा हसले."

"हसले?"

"अर्ध्या तोंडाने. कुणी थाप मारली की हसायचे तसे."

पुलाखालून एक ट्रक गेला. मग ती म्हणाली, "तरी तू त्यांच्यासमोर बोलतोस? घर तुझ्याकडचं घे, माझ्याकडचं नको, असं?"

"समोर नाही बोललो तर त्यांना सांगणार कसं?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खालीच गेला होता. "माझ्याच्याने होत नाही आता, हे त्यांच्या तोंडावर सांगू? बस बाबा, झालं आता, माझं अंग आखडतं तुमच्याजवळ यायला? असं सांगता येतं का कुणाला? हे असं सांगता येतं. त्यांनाही न ऐकल्यासारखं करता येतं. त्यांना काही कळत नाही हे सगळ्यात जास्त त्यांनाच हवंय. कळतं म्हटलं तर त्यांना आपल्याकडे बघावं लागेल." त्याची गाडी आली. पायरीवर चढताना त्याने मागे वळून विचारलं, "तुला आज कळलं?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, तिचा व्यवसायच तो होता ना.

दिवसभर तिच्या हातून कामं होत गेली. माणसं आत गेली, बटणं दाबून बाहेर आली. जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्याजवळची ती जागा बाहेरून बघून आली. पिवळट रंगाची इमारत, खाली औषधांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावरची रिकामी खिडकी. त्या खिडकीत खुर्ची कुठे ठेवता येईल ते तिला रस्त्यावरूनच दिसलं. आपण त्या दुपारी निघालो नव्हतो. नवरा निघाला असेल असं आपल्याला वाटलं, हे खरं नव्हतं. वाटून घेतलं होतं. या विचारासरशी तिच्या मनाने उचल खाल्ली, आणि काहीतरी सोसायचं ठरवल्यावर माणसाला जी एक ऊब येते ती तिला आली. परतीच्या प्रवासात पहिल्यांदाच तिने खिडकीबाहेर बघितलं नाही. घरी पोचल्यावर मावशी जायची वाट पाहिली, मग खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसली.

"बाबा, नाटक पुरे झालं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्हाला कळतं ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आपण माझ्या दवाखान्याजवळ घर घेतोय. मावशींनी फोन केला की मी येणार. चालत. पुन्हा तुम्हाला तसं पडून राहावं लागणार नाही. माझा शब्द आहे."

तिला काय अपेक्षित होतं? हात हातात घेतील, डोळे भरतील, असं काहीतरी असणारच. बाबांचा चेहरा हलला, हे खरं. दीड वर्षात पहिल्यांदा त्या चेहऱ्यावरून ती मेहनत उतरली आणि खालचा माणूस दिसला. पण तो माणूस कृतज्ञ नव्हता. न्हाणीघराचं दार कुणीतरी धाडकन उघडावं आणि आतल्या माणसाला अंगावर घ्यायला काही सापडू नये, तसा तो चेहरा झाला. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून, तिला स्पष्ट कळत होतं, एकेक गोष्ट जात होती: तिने बदललेले कपडे, तिने धुतलेलं अंग, 'शिसारी' हा शब्द. आता या सगळ्याला साक्षीदार झाला होता. न कळणाऱ्या माणसाची लाज कुणाची नसते. ती त्यांनी दीड वर्ष कुणाची नसू दिली होती, आणि तिने चांगुलपणाने ती उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी डोळे मिटले.

त्यानंतर ती खोलीत असेतोवर त्यांनी डोळे उघडले नाहीत. आणि दोनएक दिवसांत तोंडही मिटलं. मावशींनी चमचा ओठांना लावला की दात घट्ट. "माझ्याकडून घेत नाहीत," मावशी म्हणाल्या, "तुम्ही बघा बाई, तुमचं ऐकतील." तिने बघितलं. नवऱ्याने बघितलं; चमचा पुढे करून तो लहानपणी बाबा त्याला जे म्हणायचे ते म्हणाला, एक घास माझ्यासाठी, आणि मध्येच थांबला, वाटी ठेवून बाहेर गेला. बाबांना खुर्चीतून उठवून आतल्या खोलीत, भाड्याने आणलेल्या पलंगावर निजवलं. गळ्याची हाडं वर आली, हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहू लागली. डॉक्टर येऊन गेले. नाकातून नळी घालता येईल, म्हणाले. मग खाणं आपोआप पोटात जाईल, बराच काळ जाईल. घालायची की नाही ते घरच्यांनी ठरवा. आणि बॅग बंद करून निघून गेले.

"काय करायचं?" नवऱ्याने तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून विचारलं, सवयीने. तिने तोंड उघडलं आणि मग दोघांनी एकदमच पलंगाकडे बघितलं. ती दोघं गॅलरीत गेली आणि त्याने काचेचं दार ओढून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाबांच्या बाबतीतली गोष्ट बाबांच्या माघारी बोलली जाणार होती. खाली टायरवाला चाकावर हातोडी मारत होता. नवरा कठड्याला टेकून काचेकडे पाठ करून उभा होता, ती त्याच्यासमोर. त्याच्या खांद्यावरून तिला खोलीतलं सगळं दिसत होतं.

"नळी घातली तर वर्षं जातील," तो म्हणाला. "नाही घातली तर... तू सांग. तू म्हणशील तसं."

पलंगावर बाबांनी डोळे उघडले होते. डोकं उशीवरून उचललं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तो सगळा वाळलेला देह डाव्या कोपरावर रेलून दाराकडे वळला होता. तोंड उघडं पडलं होतं. मुद्दाम नव्हे. आवाजबंद खोलीत बसून शेवटचा, सगळ्यात बारीक आवाज पकडायला धडपडणारी कितीतरी माणसं तिने पाहिली होती, पण इतक्या जिवाच्या आकांताने ऐकणारा माणूस पाहिला नव्हता. काच जाड होती. पुलावरून गाड्या जात होत्या. त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांना कुठलं उत्तर ऐकायचं होतं? हो, की नाही? तिने त्या चेहऱ्यावर शोधलं. कान तपासायची विद्या तिथे उपयोगाची नव्हती. दार उघडून विचारता आलं असतं. बाबा, नळी घालू का? आता तर ते मान हलवतील, नक्की हलवतील. आणि हो म्हणाले तर?

"मागे बघू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली.

"का?"

"नको बघूस. नळी नको घालायला."

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे एकदा वर जाऊन खाली आले. त्याने मागे बघितलं नाही. ती दार उघडून आत आली तेव्हा बाबा पुन्हा आडवे झाले होते, डोळे मिटलेले. धाप तेवढी लपवता येत नव्हती.

ते गेले दुपारचे, कामाच्या दिवशी. मावशींनी दोघांना फोन केला आणि या वेळी दोघंही लगेच निघाली, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गाड्यांमधून जवळजवळ एकदमच उतरली. मध्ये वाहतूक होती. ती थांबेपर्यंत दोघं समोरासमोर उभी राहिली, आणि कुठल्या जुन्या सवयीने कोण जाणे, त्याने हात वर केला. तिनेही केला.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. माणसं येऊन गेली, खूप केलंत हो तुम्ही म्हणाली. पलंग ज्याचा होता तो येऊन घेऊन गेला. ताई चार दिवस राहून परतली. खुर्चीची जागा फरशीवर फिकट चौकोनासारखी दिसत होती. ती तिथून चालताना वळसा घेत असे आणि वळसा घेतल्यावर तिच्या लक्षात येत असे. घरमालकाची मुदत संपत आली. एका सुट्टीच्या सकाळी नवरा वर्तमानपत्र वाचत असताना एजंटचा फोन आला. दोन्ही जागा अजून आहेत, तो सांगत होता, पण आज सांगायला हवं, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. त्याचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत ऐकू येत होता, हसरा, भरघोस. नवऱ्याने फोनवर तळवा दाबून धरला आणि तिच्याकडे वळला.

"काय सांगू?" त्याने विचारलं. "तुझ्याकडचं की माझ्याकडचं?"

तो कुजबुजत होता. घरात दोघांखेरीज कुणी नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याच्याही ते लक्षात आलं असावं, पण त्याने आवाज वाढवला नाही. ती उठली. बाबांचा पलंग होता त्या आतल्या खोलीपाशी गेली. तिथे आता काही नव्हतं, खिडकी उघडी होती आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लागली का ते बघितलं, आणि मग परत येऊन त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्याकडचं घे."